लाल देऊळ ते चारबावडी: धर्मस्वातंत्र्यावरच्या एका सशुल्क फेरीचा अभिप्राय

पुण्यात आता हेरिटेज वॉकची वाण राहिलेली नाही. शनिवारवाडा, कसबा, पेठांतले वाडे, नदीकाठचे घाट, सगळे काही पैसे भरून पायी पाहता येते. मात्र जानेवारीतल्या एका रविवारी मी ज्या फेरीला गेलो होतो, तिचा विषय निराळा होता. जगात धर्मस्वातंत्र्यावर कशी बंधने येतात आणि त्या बंधनांपायी घर सोडावे लागलेली माणसे पुण्याच्या कॅम्प भागात कशी येऊन वसली, हे चालता चालता सांगण्याचा तो उपक्रम होता. माणशी सहाशे रुपये, सकाळी सात ते साडेदहा, सोबत चोवीस पानांची पुस्तिका आणि शेवटी इराणी हॉटेलात चहा व बन-मस्का, असा एकंदर मामला होता. पैसे वसूल झाले का, हा पुणेकराचा पहिला प्रश्न असतो, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो: बरेचसे झाले, सगळे झाले नाहीत. जे राहिले ते का राहिले, हे सांगण्यासाठीच हा अभिप्राय लिहायला बसलो आहे.

माझी स्वतःची पार्श्वभूमी इथेच सांगून ठेवलेली बरी. मी एका नगरपालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात तीस वर्षे काढली. नकाशे, ना-हरकत दाखले आणि त्रुटींची पत्रे यांतच माझा दिवस जात असे. त्यामुळे धर्मस्वातंत्र्याची गळचेपी म्हटल्यावर इतरांच्या डोळ्यांसमोर तलवारी आणि जाळपोळ येत असेल, तर माझ्या डोळ्यांसमोर अर्जाचे नमुने येतात. फेरी मला आवडली ती मुख्यतः याचसाठी की, आमच्या मार्गदर्शक ताईंनी रक्तपाताच्या कहाण्या रंगवण्याऐवजी कायदा, दाखला, रकाना आणि शिक्का यांवर भर दिला. त्या इतिहास शिकवतात. आवाज खणखणीत आहे, आणि वर्ष सांगताना त्या कागदाकडे पाहत नाहीत.

सुरुवात क्वार्टर गेटच्या सिटी चर्चपाशी झाली. सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या फौजेतल्या पोर्तुगीज आणि गोवेकर ख्रिस्ती शिपायांच्या प्रार्थनेसाठी १७९२ साली ही जागा दिली, एवढे बऱ्याच पुणेकरांना ऐकून ठाऊक असते. ताईंनी त्याला गोव्याची जोड दिली. पेशवे इथे ख्रिस्त्यांना जागा देत होते, त्याच वर्षी इथून साडेचारशे किलोमीटरांवर पोर्तुगिजांची धर्मचौकशी, म्हणजे इन्क्विझिशन, अजून चालू होती. १५६० साली सुरू झालेली ही संस्था मधली चार वर्षे वगळता १८१२ पर्यंत टिकली. तिच्या १७३६ सालच्या फर्मानात बाटलेल्या माणसाने घरी तुळस लावू नये, हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवू नये, अशी कलमे होती. भातात मीठ पडले की नाही हे तपासायचे म्हणजे शेजाऱ्याच्या चुलीपर्यंत कोणीतरी जायला हवे आणि त्याने येऊन चुगली करायला हवी. एवढ्या एका तपशिलावरून त्या संस्थेचे कामकाज लक्षात येते, आणि ताईंनी तिथेच थांबून शिक्षांची यादी वाचणे टाळले, हे मला योग्य वाटले.

याच थांब्यावर आमच्यातल्या एका तरुणाने विचारले, "ताई, याच पेशवाईत अस्पृश्यांना देवळाच्या कोणत्या पायरीपर्यंत जाता येत होतं?" "तो विषय आपण नंतर घेऊ," असे उत्तर मिळाले. तो नंतर आलाच नाही. त्याबद्दल शेवटाकडे लिहितो.

नाना पेठेतल्या अग्यारीसमोर आम्ही वीसेक मिनिटे उभे होतो. पारशी कुटुंबांपेक्षा फार उशिरा, म्हणजे एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतर, इराणमधल्या यज्द आणि केरमान भागांतून आलेले जरथुश्त्री, म्हणजे पारशांच्याच धर्माचे लोक आपल्याकडे 'इराणी' म्हणून ओळखले जातात. मुंबईच्या पारशांनी १८५४ साली माणेकजी लिमजी हाटरिया यांना आपला प्रतिनिधी म्हणून इराणला धाडले, तेव्हा तिथल्या जरथुश्त्र्यांची स्थिती काय होती, ते ताईंनी सांगितले. जिझिया भरावा लागे, शहरात घोड्यावर बसता येत नसे, कपड्यांचा रंग ठरवून दिलेला असे, आणि घर बांधायचे तर ते बुटकेच बांधावे लागे. माणेकजींनी अठ्ठावीस वर्षे चिकाटीने पाठपुरावा केल्यावर १८८२ साली शहाने जिझिया रद्द केला. घराच्या उंचीचा मुद्दा निघाला तेव्हा मी न राहवून म्हणालो, "म्हणजे धर्माप्रमाणे वेगळा एफएसआय, वेगळी बांधकामाची मर्यादा." सगळे हसले, पण ताईंनी तो धागा पकडला आणि तिथून थेट आजच्या काळात आल्या. माझ्या मते संपूर्ण सकाळीतला हाच भाग सर्वांत कसदार होता.

पहिले उदाहरण स्वित्झर्लंडचे होते. तिथे २९ नोव्हेंबर २००९ रोजी सार्वमत झाले आणि ५७.५ टक्के मतदारांनी नवे मिनार बांधण्यावर बंदी घालावी असा कौल दिला. त्या वेळी संपूर्ण देशात मिनार होते चार. चार मिनारांसाठी देशाच्या राज्यघटनेत एक वाक्य घातले गेले. आपल्याकडे अशी गोष्ट विकास नियंत्रण नियमावलीत सुद्धा बसली नसती, कारण उंचीचा नियम इमारतीला असतो, तिथे कोण प्रार्थना करतो त्याला नसतो. निदान कागदावर तरी नसतो.

दुसरे उदाहरण इंडोनेशियाचे होते आणि ते ऐकताना मी वही काढली. २००६ सालच्या तिथल्या दोन मंत्र्यांच्या संयुक्त नियमानुसार प्रार्थनास्थळ बांधायचे असेल तर त्या जागेचा वापर करणाऱ्या किमान ९० जणांची नावे द्यावी लागतात आणि शिवाय परिसरातल्या किमान ६० रहिवाशांचा पाठिंबा लागतो. नियम सर्व धर्मांना सारखाच आहे. परंतु मुस्लिमबहुल जावात चर्चसाठी साठ शेजाऱ्यांच्या सह्या मिळवायच्या किंवा ख्रिस्तीबहुल पापुआत मशिदीसाठी मिळवायच्या म्हणजे काय, हे ज्याने पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत साध्या लिफ्टच्या कामाला सगळ्या सभासदांच्या सह्या गोळा केल्या आहेत, त्याला वेगळे समजावून सांगायला नको. जावातल्या बोगोर शहरात एका चर्चला परवानगी मिळाली, नंतर ती नगरपालिकेने फिरवली, देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने चर्चच्या बाजूने निकाल दिला, तरी इमारतीचे कुलूप उघडले गेले नाही, आणि ते लोक कितीतरी वर्षे रस्त्यावर प्रार्थना करत राहिले. न्यायालयात जिंकूनही खालच्या टेबलावर हरता येते, ही गोष्ट माझ्यासारख्या माणसाला शिकवावी लागत नाही.

इथे एक कबुली देणे भाग आहे, कारण तिच्याशिवाय हा अभिप्राय अर्धा राहील. माझ्या नोकरीत एका छोट्या प्रार्थनागृहाची फाइल माझ्याकडे आली होती. कोणत्या धर्माचे ते मुद्दाम लिहीत नाही. लिहिले की वाचणारा लगेच बाजू घेतो. वरिष्ठांनी बोलावून सांगितले, "नाही म्हणायचं नाही. त्रुटी काढत राहायचं." मी त्रुटी काढल्या. आधी पार्किंग, मग पोहोच रस्त्याची रुंदी, मग शेजाऱ्यांची ना-हरकत, मग पुन्हा पार्किंग. प्रत्येक त्रुटी नियमात बसत होती आणि प्रत्येक पत्रावर माझी सही होती. अर्जदार एक वयस्क गृहस्थ होते. दर महिन्याला कापडी पिशवीतून कागद आणत, बाकावर बसत आणि माझे लक्ष जाईपर्यंत काही बोलत नसत. तिसऱ्या वर्षी ते यायचे थांबले. ती फाइल कधीच नामंजूर झाली नाही. माहितीच्या अधिकारात आज कोणी विचारले तर त्या वर्षी धर्मस्थळांचे नामंजूर अर्ज 'निरंक' असेच उत्तर मिळेल.

पुढचा थांबा मोलेदिना रस्त्यावरच्या लाल देवळाचा, म्हणजे ओहेल डेव्हिड या यहुद्यांच्या सिनेगॉगचा होता. तांबड्या विटांची ती इमारत आणि नव्वद फुटी मनोरा रस्त्यावरून जितका दिसतो तितकाच आम्ही पाहिला, कारण दारावर पोलीस पहारा असतो आणि आयोजकांनी आत जाण्याची परवानगी घेतलेली नव्हती. जाहिरातीत मात्र आतल्या दालनाचे छायाचित्र छापले होते. ज्या जागेत नेणार नाही तिचे चित्र जाहिरातीत टाकू नये, एवढी साधी अपेक्षा आहे. पुस्तिकेत इमारत १८६३ साली पूर्ण झाली असे छापले आहे, तीही चूक आहे. त्या वर्षी बांधकाम सुरू झाले आणि १८६७ साली ते पुरे झाले. बांधवणारे डेव्हिड ससून १८६४ सालीच पुण्यात वारले आणि त्यांची कबर याच आवारात आहे. आपल्या देणगीतून उभी राहिलेली ही इमारत त्यांनी पूर्ण झालेली पाहिलीच नाही.

ससून रुग्णालयाच्या रांगेत उभा राहिला नाही असा पुणेकर विरळा, परंतु हे ससून बगदादहून पळून आले होते, हे किती जणांना ठाऊक असते? तिथला वाली, म्हणजे सुभेदार, दाऊद पाशा याच्या छळाला कंटाळून ते आधी इराणच्या आखातावरील बुशेहर बंदरात आणि तिथून १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत आले. त्यांच्या मागे बगदादमध्ये राहिलेल्या यहुद्यांचे पुढे काय झाले, हे ताईंनी तारखांनिशी सांगितले. १९४१ साली बगदादमध्ये त्यांची कत्तल झाली. १९५० साली इराकने कायदा केला की, ज्या यहुद्याला देश सोडायचा असेल त्याने नागरिकत्वावर पाणी सोडावे. लोकांनी नावे नोंदवली, आणि नावे नोंदवून झाल्यावर १९५१ च्या मार्चमध्ये दुसरा कायदा आला, ज्याने नागरिकत्व सोडलेल्यांची मालमत्ता गोठवली. क्रम पाहण्यासारखा आहे: आधी नोंदणी, मग जप्ती. लाखाहून अधिक माणसे विमानांनी इस्राएलला गेली आणि अडीच हजार वर्षांची वस्ती दोनेक वर्षांत आटोपली.

हे सगळे ऐकताना एक अडचण सतत होत होती, तीही नोंदवतो. आयोजकांनी प्रत्येकाला कानात घालायचे बिनतारी यंत्र दिले होते. त्यातली अठरापैकी पाच यंत्रे क्वार्टर गेटलाच बंद पडली आणि उरलेल्यांत मोलेदिना रस्त्यावरच्या रिक्षांचे हॉर्न ताईंच्या आवाजापेक्षा स्पष्ट येत होते. शेवटी सगळ्यांनी यंत्रे काढून ठेवली आणि त्यांच्याभोवती कोंडाळे करून उभे राहिलो. तसे पहिल्यापासून केले असते तरी चालले असते.

चारबावडीला हजरत बाबाजानचा दर्गा आहे. कॅम्पात वाढलेल्यांना ती जागा माहीत असते, पण पेठांतल्या आमच्यासारख्यांना सहसा नसते. ही वृद्ध फकीर स्त्री तिथल्या कडुनिंबाखाली वर्षानुवर्षे उन्हापावसात बसून असे. १९३१ साली ती वारली. डेक्कन कॉलेजात शिकणारा मेरवान इराणी नावाचा जरथुश्त्री मुलगा १९१३ साली सायकलवरून जात असता तिने त्याला जवळ बोलावले, आणि तिथून त्याचा मेहेरबाबा होण्याचा प्रवास सुरू झाला. तिच्याबद्दल अशी दंतकथा आहे की, 'मीच सत्य' असे काहीतरी तिने उत्तरेकडे कुठेतरी उच्चारले म्हणून संतापलेल्या बलुची शिपायांनी तिला जिवंत पुरले, आणि त्याच पलटणीची पुढे पुण्यात बदली झाली तेव्हा ती त्यांना झाडाखाली बसलेली दिसली. 'अनल हक' म्हणजे 'मीच सत्य' म्हणणाऱ्या मन्सूर अल हल्लाजला बगदादमध्ये ९२२ साली ठार मारण्यात आले होते. पुण्यातल्या दंतकथेला त्या शब्दांची छाया आहे.

धर्मनिंदेच्या कायद्यांचा विषय ताईंनी इथे काढला, आणि जागेची निवड दाद देण्यासारखी होती. भारत आणि पाकिस्तान यांना १८६० सालची एकच दंडसंहिता वारशाने मिळाली. १९२७ साली इंग्रजांनी तिच्यात २९५अ कलम घातले, ज्याने धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणे हा गुन्हा ठरला. आपल्याकडे ते कलम तसेच राहिले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत २९९ या क्रमांकाने आले. पाकिस्तानात जनरल झिया यांच्या काळात १९८२ साली २९५ब आणि १९८६ साली २९५क अशी पुढची अक्षरे जोडली गेली, आणि त्या शेवटच्या कलमाखाली मृत्युदंड आहे. आसिया बीबी या ख्रिस्ती शेतमजूर बाईवर २००९ साली खटला झाला तो पाण्याच्या भांड्यावरून. हिने भांडे वापरले म्हणून पाणी अपवित्र झाले, असे सोबतच्या बायका म्हणाल्या. शब्दाला शब्द वाढला आणि आरोप धर्मनिंदेचा झाला. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडले, तोवर तिची बाजू घेणारे पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर २०११ साली आपल्याच अंगरक्षकाच्या गोळ्यांना बळी पडले होते. पाण्याच्या भांड्याचा विटाळ ही गोष्ट महाराष्ट्रात ऐकताना कोणाला परकी वाटणार होती? गटात क्षणभर कोणीच काही बोलले नाही.

त्यानंतर चहा. इराणी हॉटेलातले संगमरवरी टेबल, मस्का भरपूर, चहा थोडा जास्त उकळलेला. एका टेबलाशी सहा जण असे तीन टेबलांवर बसलो आणि ताई टेबलाटेबलावर जाऊन बोलत होत्या, ही योजना चांगली होती. कॅम्पातला प्रत्येक इराणी जरथुश्त्री नसतो, काही बहाई, म्हणजे एकोणिसाव्या शतकात इराणातच निघालेल्या धर्माचे, आहेत, ही माहिती मला नवी होती. इराणच्या १९७९ सालच्या राज्यघटनेत जरथुश्त्री, यहुदी आणि ख्रिस्ती एवढेच अल्पसंख्य धर्म मान्य आहेत. बहाई हा तिथला सर्वांत मोठा बिगरमुस्लिम अल्पसंख्य समाज असूनही कागदावर त्यांचा धर्म अस्तित्वातच नाही. १९९१ सालच्या एका गोपनीय सरकारी टिपणात त्यांना विद्यापीठांत घेऊ नये आणि शिकत असताना कळले तर काढून टाकावे, असे नमूद होते. त्यांनी १९८७ पासून घराघरांतून आपले उच्च शिक्षण चालवले आहे. इजिप्तमध्ये ओळखपत्रावर धर्माचा रकाना भरणे सक्तीचे आणि पर्याय तीनच. त्यामुळे बहाई माणसाला ओळखपत्रच मिळेना, आणि ओळखपत्राविना बँक नाही, दवाखाना नाही, मुलाची शाळा नाही. बराच काळ खटले चालल्यावर २००९ साली तोडगा निघाला तो असा की, त्या रकान्यात आडवी रेघ मारावी. आमच्या टेबलावरच्या एका काकू म्हणाल्या, "म्हणजे माणसाला नाव मिळालं नाही, पण डॅश मिळाला." याहून नेमके मला लिहिता येणार नाही.

मलेशियाचे उदाहरण त्याच्या उलट टोकाचे आहे. लीना जॉय या स्त्रीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तिला नाव बदलून मिळाले, पण ओळखपत्रावरचा 'इस्लाम' हा शब्द काढून मिळेना. शरिया न्यायालयाचा दाखला आणा, असे तिला सांगण्यात आले आणि २००७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तेच कायम केले.

पण या बैठकीत मला सर्वांत जास्त भिडली ती झफरुल्ला खानांची हकिकत. १९४८ साली संयुक्त राष्ट्रांपुढे मानवी हक्कांचा जाहीरनामा आला तेव्हा अठराव्या कलमात धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य असावे की नाही, यावर मोठा वाद झाला. सौदी अरेबियाचा त्याला विरोध होता आणि शेवटी मतदानात तो देश तटस्थ राहिला. पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री सर झफरुल्ला खान यांनी मात्र कुराणातल्या वचनाचा आधार देऊन कलमाची पाठराखण केली: ज्याची इच्छा असेल त्याने श्रद्धा ठेवावी, ज्याची नसेल त्याने ठेवू नये. १० डिसेंबर १९४८ रोजी ४८ विरुद्ध शून्य मतांनी जाहीरनामा संमत झाला, आठ देश तटस्थ राहिले. हे झफरुल्ला खान स्वतःला मुसलमान मानणाऱ्या अहमदिया पंथाचे होते. १९७४ साली पाकिस्तानने घटनादुरुस्ती करून अहमदियांना बिगरमुस्लिम ठरवले. १९८४ च्या वटहुकमाने त्यांनी आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणणे, अजान देणे, स्वतःला मुसलमान म्हणवणे हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा झाला. अब्दुस सलाम हेही त्याच पंथाचे. १९७९ साली त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि त्यांच्या कबरीवरच्या शिळेतून 'मुस्लिम' हा शब्द नंतर खोडला गेला. धर्मस्वातंत्र्याच्या कलमाची बाजू मांडणारा आणि अशा कायद्यांचा बळी एकाच पंथातला असावा, हे ऐकून माझा चहा निवला.

फ्रान्सच्या मुद्द्यावर शेजारच्या टेबलाशी खडाजंगी झाली. २००४ च्या कायद्याने तिथल्या सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांना आणि २०१० च्या कायद्याने सार्वजनिक जागी चेहरा झाकण्याला बंदी आली. एक निवृत्त शिक्षक ते योग्य ठरवत होते आणि एक महाविद्यालयीन मुलगी हिरिरीने विरोध करत होती. ताईंनी कोणाचीच बाजू न घेता अल्बेनियाचे टोक दाखवले: १९६७ साली त्या देशाने सगळीच प्रार्थनास्थळे बंद करून स्वतःला नास्तिक राष्ट्र जाहीर केले, आणि ती बंदी १९९० पर्यंत टिकली. वाद मिटला नाही, पण चांगला झाला.

पुस्तिकेबद्दल थोडे. चीनची दोन पाने उत्तम आहेत. पाचच धर्मांना मान्यता, १९९९ मधली फालुन गाँग या ध्यानपंथावरची बंदी, १९९५ साली तिबेटी बौद्धांच्या सहा वर्षांच्या पंचेन लामाला नेले ते आजवर न दिसणे, शिंजियांगमधली उइघुर मुसलमानांसाठीची बंदिस्त शिबिरे, हे सगळे नेमके आले आहे. २००७ सालचा 'आदेश क्रमांक ५' तर वाचायलाच हवा: लामाने पुनर्जन्म घेतल्यास त्याला सरकारी मंजुरी लागते. आमच्या खात्यानेही मृत अर्जदाराच्या पुढच्या जन्माचा दाखला कधी मागितला नव्हता. रशियात २०१७ साली 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथावर आलेली बंदी आणि एरिट्रियात २००२ पासून चारच पंथांना असलेली परवानगी यांना मात्र चार-चार ओळींत गुंडाळले आहे. मधल्या पानावर प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या मोजणीवर आधारलेला जगाचा रंगीत नकाशा आहे. ती संस्था १९८ देशांची दोन वेगळ्या पट्ट्यांवर मोजणी करते, एक सरकारी बंधनांची आणि दुसरी समाजातल्या वैराची. सरकारी बंधनांचा मध्यांक २००७ साली दहापैकी १.८ होता, तो २०२१ साली ३ झाला. पुस्तिकेने फक्त पहिली पट्टी छापली. दुसऱ्या पट्टीवर भारत सातत्याने सर्वांत वरच्या गटात असतो, हे कारण असेल का, असा संशय येतो.

आणि इथेच माझी मुख्य तक्रार आहे. संपूर्ण फेरीत भारताबद्दल दोन वाक्ये आली: घटनेच्या पंचविसाव्या कलमाने स्वातंत्र्य दिले आहे, आणि "आपल्याकडचं सगळ्यांना माहीतच आहे". मला तसे वाटत नाही. १९६७ साली ओडिशाने आणि १९६८ साली मध्य प्रदेशाने धर्मांतरावर निर्बंध घालणारे कायदे केले. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली ते वैध ठरवताना धर्मप्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असे म्हटले. आज दहाच्या आसपास राज्यांत असे कायदे आहेत आणि उत्तर प्रदेशात धर्म बदलू इच्छिणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवावे लागते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांसोबत दीक्षा घेणाऱ्या लाखोंना साठ दिवस आधी एकेकाने अर्ज द्यावा लागला असता तर ती रांग कोणत्या खिडकीपुढे लागली असती, याचा विचार कायद्याच्या बाजूच्या आणि विरोधातल्या दोघांनीही करायला हरकत नाही. दुसऱ्या बाजूला, केरळात राष्ट्रगीत न म्हणता नुसत्या आदराने उभ्या राहणाऱ्या तीन भावंडांना शाळेतून काढले, तेव्हा १९८६ साली याच न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. हेही सांगण्यासारखे होते.

आणि पर्वतीची टेकडी? क्वार्टर गेटला त्या तरुणाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आकाशात दिसत होते. ऑक्टोबर १९२९ मध्ये पर्वतीवरच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून अस्पृश्यांनी सत्याग्रह केला. पां. ना. राजभोज, शिवराम जानबा कांबळे, काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी अशी मंडळी त्यात होती. दारे उघडली गेली नाहीत आणि सत्याग्रह्यांवर दगड पडले. मे १९४७ मध्ये पंढरपुरासाठी साने गुरुजींना दहा दिवस उपोषण करावे लागले, तेव्हा कुठे विठ्ठलाचे दार सर्वांना उघडले. यज्दमधल्या घराची उंची आणि जावातल्या साठ सह्या सांगणाऱ्या फेरीत पुण्यातला हा दगड नसावा, हे खटकले. बगदाद आणि यज्दहून आलेल्यांना पुण्याने आसरा दिला हे खरेच आहे, मात्र तेवढेच ऐकून घरी जाणारा माणूस फार समाधानाने जेवतो.

व्यवहाराच्या चार गोष्टी. चालणे साधारण तीन किलोमीटरांचे आहे, चढ नाही. मध्ये स्वच्छतागृहाची सोय थेट चहाच्या वेळीच होते, ती लवकर व्हायला हवी. दहा वर्षांखालची मुले कंटाळतील. आठवी-नववीच्या मुलांना जरूर न्यावे. नावनोंदणी फोनवर होते आणि पावती लगेच मिळते. गटात अठराहून जास्त माणसे घेत नाहीत, ही शिस्त त्यांनी सोडू नये. पाचपैकी साडेतीन गुण देतो. कानातली यंत्रे दुरुस्त झाली तर पावणेचार.

निघताना अभिप्रायाचा कागद दिला होता. 'आणखी काय हवे' या ओळीत मी एकच शब्द लिहिला: पर्वती. चार दिवसांनी आयोजकांचा फोन आला. अत्यंत सौजन्याने त्यांनी सांगितले की, सूचना चांगली आहे, पण एकशे तीन पायऱ्या ज्येष्ठ नागरिकांना जमणार नाहीत, शिवाय वेळ वाढेल, शिवाय तिथे गट उभा करायचा तर कोणाची परवानगी लागते ते पाहावे लागेल. नाही असे ते एकदाही म्हणाले नाहीत. मी त्यांना कळवले आहे की, ही हकिकत पायथ्याशी उभे राहूनही सांगता येते. उत्तर अजून आलेले नाही.